डेकवर हमिंगबर्ड यावा म्हणून काय करायचं: न्यू जर्सीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, यंदा घर घेतलंय, मागे छोटंसं यार्ड आहे, तुमच्याकडे ते हमिंगबर्ड येतात तसे आमच्याकडे यायला काय करावं लागेल? फोनवर सांगताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी मध्य न्यू जर्सीत राहते, त्यामुळे तारखा, झाडं सगळं इकडचं आहे, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकटवाल्यांनाही थोड्याफार फरकाने चालेल. कॅलिफोर्नियात किंवा सिएटलला असाल तर तुमच्याकडे ॲनाज हमिंगबर्ड ही जात बारा महिने असते, तुमचा फीडर (म्हणजे साखरपाणी भरून टांगायचं भांडं) हिवाळ्यातही चालू राहील, पण साखरेचं प्रमाण आणि स्वच्छता सगळीकडे तीच.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. फीडर टांगणं सोपं आहे, पण तो टांगला की उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी धुवायची तयारी हवी. तेवढा वेळ नसेल तर फीडर आणूच नका, त्याऐवजी दोन-तीन योग्य झाडं लावा, पक्षी तेवढ्यावरही येतात आणि त्यांचं काही वाईट होत नाही. घाणेरडा फीडर हा नसलेल्या फीडरपेक्षा वाईट.

कोण येतो आणि कधी येतो

आपल्याकडे भारतात जास्वंदीला लटकून मध पिणारे चमचमते छोटे पक्षी असतात ना, ते शिंजीर, ते हमिंगबर्ड नाहीत. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात, आणि पूर्वेकडच्या राज्यांत घरटी करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे एका पेनीपेक्षा जरासंच जास्त, आणि पंख सेकंदाला ५० वेळा वगैरे हलतात, त्यामुळे तो दिसायच्या आधी ऐकू येतो. कानाजवळून मोठा भुंगा गेल्यासारखा आवाज आला की मान वळवायची नाही, आहे तिथे स्थिर उभं राहायचं, तो परत येतो.

गळा माणकासारखा लाल असतो तो नर. हा लाल रंग पिसांवर प्रकाश पडतो तेव्हाच पेटतो, सावलीत तोच गळा काळा दिसतो, म्हणून "आमच्याकडे काळा हमिंगबर्ड आला" असं कोणी म्हणालं तर तो बहुतेक हाच. मादीचा गळा पांढुरका आणि शेपटीच्या टोकाला पांढरे ठिपके, आणि त्या वर्षीची नर पिल्लंही जवळजवळ मादीसारखीच दिसतात.

हे पक्षी हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतात आणि त्यातले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरून साधारण ८०० किलोमीटर एका दमात उडून येतात. एवढंसं काहीतरी, खाली नुसतं पाणी, टेकायला जागा नाही, मला अजूनही दर वर्षी पहिला पक्षी दिसला की गलबलून येतं. न्यू जर्सीत ते एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोचायला लागतात, आधी नर मग माद्या. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे १५ एप्रिल, टॅक्स भरायची तारीख. रिटर्न फाइल केला की फीडर बाहेर.

जूनमध्ये एकदम सामसूम होते आणि लोक घाबरतात की आपलं काही चुकलं का. चुकलेलं नसतं, माद्या घरट्यावर बसलेल्या असतात. जुलैच्या शेवटापासून पिल्लं बाहेर पडतात आणि मग लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, खरी गर्दी. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत कोणी आलं नाही म्हणून फीडर उतरवू नका, बऱ्याच जणांकडे पहिला पक्षी ऑगस्टमध्येच येतो.

फीडर कसला घ्यायचा

दुकानात रंगीत काचेचे, नक्षीदार, बाटलीसारखे फार सुंदर सुंदर असतात, ते घेऊ नका. एकच गोष्ट बघायची, आतून हात किंवा ब्रश सगळीकडे पोचतो का. मला बशीसारखा चपटा फीडर सगळ्यात आवडतो, झाकण उचललं की दोन मिनिटांत धुऊन होतो, उन्हात तापला तरी गळत नाही, आणि पाणी भोकांपासून खाली असतं त्यामुळे मधमाश्यांना पोचत नाही, हमिंगबर्डची जीभ मात्र लांब असते ती आरामात पोचते. छोटा घ्या, ८ औंसचा पुरे. सुरुवातीला तर तोही अर्धाच भरायचा, कारण एक पक्षी दिवसाला कितीसं पिणार, बाकीचं ओतूनच द्यावं लागतं.

रंग लाल हवा, पण तो फीडरचा. भोकांभोवती पिवळी फुलं असलेले फीडर टाळा, पिवळ्यावर मधमाश्या आणि गांधीलमाश्या जास्त येतात.

टाउनहाउस किंवा कॉन्डो असेल तर आधी एचओएचे, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचा, काही ठिकाणी पक्ष्यांचे फीडर लावायला बंदी असते. नुसती बाल्कनी असेल तर खिडकीच्या काचेला चिकटणारे फीडर मिळतात, ते छान चालतात.

साखरपाणी

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. बस, एवढंच. कुठलीही वाटी घ्या, फक्त दोन्हीला तीच वाटी. फुलांमधल्या रसाच्या जवळ जाणारं हे प्रमाण आहे, त्यामुळे "थोडी जास्त टाकते बिचाऱ्याला" असं करायचं नाही.

साखर म्हणजे साधी पांढरी दाणेदार साखर. आई पहिल्यांदा सहा महिने राहायला आली होती तेव्हा तिने मला साखर ढवळताना बघितलं आणि म्हणाली, "अगं, पांढरी साखर कशाला देतेस एवढ्याशा जिवाला, गूळ घाल की थोडा." आपल्या घरात हे डोक्यात येणारच, गूळ पौष्टिक, मध औषधी, पांढरी साखर म्हणजे विष. पण इथे नेमकं उलटं आहे. गुळात, ब्राउन शुगरमध्ये, त्या सोनेरी ऑरगॅनिक साखरेत जे लोह राहतं ते या पक्ष्यांच्या शरीराला घातक ठरू शकतं. आणि मध पाण्यात कालवला की तो लवकर आंबतो, त्यात बुरशी धरते. डाएट शुगर वगैरे तर नाहीच, त्यात त्यांना काही शक्तीच मिळत नाही. आईला हे सांगितल्यावर तिने विचारलं, मग साखरेने त्यांचे दात किडत नाहीत का, आणि मग स्वतःच म्हणाली, हो, चोचीला कुठले दात. त्या दिवसापासून साखरपाण्याचं खातं तिच्याकडे गेलं.

लाल रंग अजिबात घालायचा नाही. दुकानात लाल रंगाचं तयार नेक्टर मिळतं, मी पण पहिल्या वर्षी एक बाटली आणली होती, वाटलं लाल असेल तरच येतील. काही गरज नाही, फीडर लाल असला की झालं, रंगाचा पक्ष्याला काडीचा उपयोग नाही आणि दिवसभर तेच पिणाऱ्या तीन ग्रॅमच्या जिवाच्या पोटात तो कशाला घालायचा.

उकळायलाच पाहिजे असं नाही. गरम पाण्यात साखर पटकन विरघळते म्हणून मी पाणी गरम करते, पाण्याला वास असेल तर उकळा, पण साखर घातल्यावर उकळत ठेवलंत तर पाणी आटून प्रमाण बदलतं. पूर्ण गार झाल्याशिवाय फीडरमध्ये ओतायचं नाही. उरलेलं बंद बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. बरणीवर चिठ्ठी लावा, आमच्याकडे पाहुण्यांनी एकदा लिंबू सरबताचं पाणी समजून वापरलं होतं, त्यांना काही झालं नाही, पण मला रात्री परत करायला लागलं.

धुणं, हेच खरं काम

तापमान ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर रोज, फार तर एक दिवसाआड बदलायचं. ८० च्या आसपास दोन दिवस. एप्रिल-मे मध्ये गारवा असतो तेव्हा चार दिवस चालतात. संपलं नसलं तरी बदलायचं, वरून नवीन ओतायचं नाही, जुनं सगळं टाकून, धुऊन मग नवीन. पाणी गढूळ दिसलं, आत पांढरे धागे तरंगताना दिसले, की दिवस मोजत बसू नका, लगेच उतरवा.

धुवायला कडक गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश, भोकांसाठी बारीक ब्रश, तो दुकानात तीन-चारच्या सेटमध्ये मिळतो. साबण वापरलात तर इतकं खळखळून धुवा की वासही राहता कामा नये. मी आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात भिजत घालते. काळे ठिपके आले असतील तर ती बुरशी, तेव्हा गॅलनभर पाण्यात पाव कप ब्लीच घालून तासभर बुडवून ठेवायचं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं.

हे मी इतकं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. पहिल्याच जुलैत आम्ही लाँग वीकेंडला बीचवर गेलो, फीडर तसाच उन्हात राहिला. परत आलो त्या संध्याकाळी मादी आली, भोकापाशी आली, चोच आत घातली, लगेच बाहेर काढली, जरा बाजूला जाऊन हवेत थांबली, परत एकदा चोच घातली आणि निघून गेली. उतरवून बघितलं तर भोकांच्या आतल्या कडेला काळा थर आणि पाण्याला ताकासारखा आंबूस वास. त्यांना यातून जिभेला बुरशीचा आजार होऊ शकतो. ती आठवडाभर आली नाही आणि तो आठवडा मला फार जड गेला. आता कुठे दोन रात्रींपेक्षा जास्त जायचं असेल तर फीडर धुऊन आत. महिनाभर भारतात जायचं असलं तरी तेच, शेजाऱ्यांना जमणार असेल तर ठीक, नाहीतर उतरवून ठेवा. उन्हाळ्यात पक्षी उपाशी मरत नाहीत, त्यांना रानात फुलं आणि किडे असतात.

कुठे टांगायचा

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा उत्तम. जमिनीपासून पाच-सहा फूट, जवळ एखादं झुडूप किंवा झाड असलं की तो मधेमधे तिथे जाऊन बसतो, बसतो म्हणजे खरंच बसतो, दिवसातला बराच वेळ एखाद्या वाळक्या काडीवर बसून असतो, नजर सरावली की दिसतो. शेजारी मांजरं मोकळी फिरत असतील तर खाली लपायला झुडूप नको.

खिडकीच्या बाबतीत मधलं अंतर धोक्याचं, म्हणजे एकतर अगदी जवळ टांगा नाहीतर बरंच लांब. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत असेल तर पक्ष्याला वेग घ्यायला जागाच नसते, काचेला लागला तरी जोरात लागत नाही. मोठ्या पॅटिओ डोअरवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपक्यांची टेप लावली की आपटणं जवळजवळ थांबतं, एकुलता एक ससाण्याचा स्टिकर लावून काही होत नाही.

मुंग्या येणारच. आठवतं का, गावी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे? तसंच. हुक आणि फीडरच्या मधे टांगायची पाण्याची वाटी मिळते, अँट मोट म्हणून, त्यात साधं पाणी भरा, मुंगी ओलांडू शकत नाही. हुकला तेल किंवा व्हॅसलिन फासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते पिसांना लागलं तर पक्ष्याला साफ करता येत नाही.

ऑगस्टमध्ये फीडरवर हिरवा-तपकिरी मोठा नाकतोड्यासारखा किडा दबा धरून बसलेला दिसला तर तो मँटिस. तो हमिंगबर्ड पकडून खातो, हे ऐकून विश्वास बसत नाही पण खरं आहे. त्याला मारू नका, काडीवर घेऊन बागेच्या दुसऱ्या टोकाला सोडा. आणि उत्तर जर्सीत अस्वलं फिरतात तिथे फीडर रात्री आत घ्यायचा.

फुलं लावा, खरंच लावा

यार्ड असेल तर सुरुवात कोरल हनीसकलपासून. वेल आहे, लाल-केशरी नळीसारखी फुलं, वसंतातच फुलायला लागतो म्हणजे पक्षी पोचतात तेव्हा तयार. नर्सरीत नाव नीट बघून घ्या, जॅपनीज हनीसकल नावाचा सुवासिक पांढरा-पिवळा वेल वेगळा, तो इकडे रानभर पसरून बाकी झाडं मारतो, तो नको. जागा छोटी असेल तर ट्रम्पेट व्हाइनपण नको, पक्ष्यांना खूप आवडतो पण मुळं लांबवर पसरतात आणि वेल भिंतीवर चढून बसतो.

मग बी बाम, लाल रंगाचा. पुदिन्याच्या कुळातला आहे, पानं चुरडली की वास येतो आणि त्याच वासामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत, आणि जर्सीत हरणांचा विचार आधी करावा लागतो हे घर घेतल्याच्या पहिल्याच वर्षी कळतं. पानांवर पांढरी भुकटी धरते, 'जेकब क्लाइन' नावाचं वाण घेतलं तर ती कमी धरते. जुलैत बी बाम फुलला की त्यावर अजून एक पाहुणा येतो, हमिंगबर्डसारखाच फुलासमोर थांबून पिणारा पण मिशा असलेला, तो पतंग आहे, क्लिअरविंग मॉथ. मुलं त्याला हमिंगबर्डचं पिल्लू समजतात. पिल्लू असं नसतं, घरट्यातून बाहेर पडतं तेव्हाच ते जवळजवळ आईएवढं असतं.

ओलसर जागा असेल तर कार्डिनल फ्लॉवर, ऑगस्टमध्ये इतका लाल की दुरून दिसतो. कुंडीत लावायचं तर साल्विया, 'ब्लॅक अँड ब्लू' वाणाचा, निळा आहे, लाल नाही, तरी फीडर सोडून त्यावर येतात. सावलीतल्या डेकसाठी फुशियाची टांगती टोपली. देवाला फुलं हवीत म्हणून जास्वंद कुंडीत ठेवली असेल तर तीही उन्हाळ्यात बाहेर काढा, अधूनमधून भेट देतात.

आणि ज्युएलवीड. ओढ्याकाठी, ट्रेलच्या कडेला आपोआप उगवतं, केशरी झुमक्यासारखी फुलं, हात लावला की शेंग फटकन फुटते. कळलं ना कोण ते? आपला तेरडाच, त्याच्याच कुळातला अमेरिकन भाऊ. गौरी येतात त्या सुमाराला हा इकडे भरात असतो आणि दक्षिणेला निघालेले हमिंगबर्ड त्यावर पोट भरून घेतात. यार्डच्या मागच्या ओलसर कोपऱ्यात आला असेल तर तण म्हणून उपटू नका.

रोपं घेताना विचारून घ्या की निओनिक वर्गातलं कीटकनाशक वापरलंय का. न्यू जर्सीने २०२२ मध्ये कायदा करून घराबाहेरच्या बागांमध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले, पण रोप कुठून आलंय ते आपल्याला माहीत नसतं.

फवारणी आणि जाळी

साखरपाणी म्हणजे नुसतं इंधन. त्यांचं प्रोटीन येतं बारीक किड्यांतून, चिलटं, मच्छर, छोटे कोळी, पिल्लांना तर हेच भरवतात. त्यामुळे लॉनवाला आणि मच्छरवाला येऊन सगळीकडे फवारून गेला तर फीडर असून उपयोग नाही. पिकलेली केळ्याची सालं जाळीच्या टोपलीत झाडाला टांगून ठेवा, चिलटं जमतात, पक्षी ती हवेतल्या हवेत टिपतात.

डेकच्या कोपऱ्यातली कोळ्यांची जाळी झाडू नका, निदान मे-जूनमध्ये तरी. मादी तीच नेते. मी बघितलंय, रेलिंगच्या खालच्या कोपऱ्यापाशी आली, चोचीने धागा ओढला, मान इकडेतिकडे फिरवून तो चोचीभोवती गुंडाळून घेतला, दोनदा तसंच केलं आणि मेपलकडे गेली. आईच्या हातातला चहा तसाच राहिला. कोळ्याच्या धाग्याने ती घरटं बांधते म्हणून ते पिल्लं वाढतील तसं ताणलं जातं, बाहेरून दगडफूल चिकटवते, आकार अर्ध्या अक्रोडाएवढा, आत दोन अंडी. नर यात काहीही करत नाही, सगळं ती एकटी.

घरटं सापडलं तर फोटोही लांबून. रिकामं झाल्यावर मुलांना शाळेत दाखवायला म्हणून काढून आणू नका, १९१८ च्या कायद्यानुसार या पक्ष्यांची पिसं आणि घरटी बाळगायलाही परवानगी लागते.

भांडणं आणि बाकीच्या अडचणी

एक नर फीडरवर मालकी सांगतो आणि बाकीच्यांना हाकलतो. उपाय म्हणजे दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, जिथून पहिला दिसत नाही, एकाच वेळी दोन्हीकडे पहारा देणं त्याला जमत नाही.

पक्षी गॅरेजमध्ये शिरला तर गोंधळून वर छतालाच धडका घेत राहतो. दार पूर्ण उघडा, आतले दिवे बंद करा, दाराबाहेर फीडर टांगा आणि तिथून बाजूला व्हा. बहुतेक वेळा तो शिरतो ते गॅरेज ओपनरच्या दोरीला लटकणारी लाल मूठ फूल वाटते म्हणून, तिला काळी टेप गुंडाळा.

थंड पहाटे एखादा फीडरवर पिसं फुगवून निपचित बसलेला किंवा उलटा लटकलेला दिसला तर मेला म्हणून हात लावू नका. रात्री शक्ती वाचवायला ते शरीर एकदम थंड करून घेतात, ऊन आलं की हळूहळू जागे होतात, त्यात वेळ जातो.

कधी उतरवायचा

फीडर चालू ठेवला तर पक्षी परत जात नाहीत, थंडीत मरतात, असं सांगणारे खूप भेटतील. तसं नाही. दिवस लहान व्हायला लागला की ते निघतात, समोर काय आहे त्याने थांबत नाहीत. उलट जाण्याआधी त्यांना वजन जवळजवळ दुप्पट करायचं असतं, तेव्हा सप्टेंबरमध्ये साखरपाण्याचा खरा उपयोग होतो. नर आधी निघतात, मग माद्या, शेवटी त्या वर्षीची पिल्लं, एकेकटी, कोणी वाट न दाखवता. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत बहुतेक गेलेले असतात. शेवटचा पक्षी दिसल्यावर निदान दोन आठवडे फीडर राहू द्या.

जमलं तर एक फीडर नोव्हेंबरपर्यंत ठेवा. ऑक्टोबरनंतर कधीकधी पश्चिमेकडचा रुफस हमिंगबर्ड वाट वाकडी करून जर्सीत येतो, अंगावर तांबूस छटा असते, तो दिसला तर फोटो काढा आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवा. तेव्हा रात्री साखरपाणी गोठायची वेळ येते, म्हणून फीडर झोपायच्या आधी आत घ्यायचा आणि उजाडायच्या आधी बाहेर टांगायचा, कारण त्याला पहिला घोट उजाडल्या उजाडल्या लागतो.